काठावरून लार्जमाउथ बास: परवान्यापासून मासा परत सोडेपर्यंत

तळ्यावर नव्याने गळ टाकायला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. तो अगदी पाण्याला लागून ताठ उभा राहतो, अंगात आहे तेवढा जोर लावून आमिष तळ्याच्या मध्यावर भिरकावतो आणि भराभर रील फिरवत परत आणतो. लार्जमाउथ बास, म्हणजे तळ्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, मात्र त्याच्या पायापासून दहा-पंधरा फुटांवर, पाणगवताच्या कडेला सावलीत दबा धरून असतो. आणि चुकून एखादा लागलाच, तर पक्कड गाडीत राहिलेली असते, फोन सापडत नाही आणि तोवर मासा तापलेल्या सिमेंटवर तडफडत असतो.

दोन्ही ठिकाणी कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी बघायचं आणि मग फेकायचं. मासा सोडायची तयारी आधी करायची आणि मग तो पकडायला जायचं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून मला या दोन गोष्टींबद्दलच सारखे प्रश्न येतात, म्हणून सगळे टप्पे ओळीने लिहितोय. यात फक्त काठावरून आणि एकाच प्रकारच्या आमिषाने मासा कसा धरायचा ते आहे. नियमांची उदाहरणं बहुतेक टेक्सासची आहेत, कारण माझं गळ टाकणं तिथलं. तुमच्या राज्याचे नियम तुम्ही वेगळे वाचायचे आहेत.

## टप्पा १: परवाना आणि त्या तळ्याचा नियम

टेक्सासात १७ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात ही मर्यादा १६ वर्षांची आहे. टेक्सासात गोड्या पाण्यासाठी ‘फ्रेशवॉटर पॅकेज’ घ्यायचं. सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तरच तुम्ही तिथले रहिवासी धरले जाता, नाहीतर परवाना बाहेरच्या माणसाच्या दराने मिळतो.

भारतातून आलेले आई-बाबा हौसेने रॉड हातात घेतात, तेव्हा हा नियम सगळ्यांच्या डोक्यातून जातो. त्यांच्यासाठी एक दिवसाचा परवाना काढा, नाहीतर त्यांना टेक्सासच्या एखाद्या स्टेट पार्कात घेऊन जा. पार्काच्या आत काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही.

परवान्यानंतर त्या विशिष्ट तळ्याचा नियम वाचा. टेक्सासात सर्वसाधारण नियम असा: लार्जमाउथ किमान १४ इंचांचा असेल तरच ठेवता येतो आणि दिवसाला जास्तीत जास्त ५. पण लेक फोर्कवर १६ इंचांपेक्षा मोठा आणि २४ इंचांपेक्षा लहान बास ठेवताच येत नाही, आणि २४ इंचांचा किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात पकडलेला बास लगेच सोडावाच लागतो.

तपासा: परवाना सोबत आहे ना? तळ्याचं नाव नियमपुस्तिकेत वेगळं दिलेलं आहे का? वजनं शिशाची चालतात का? न्यू हॅम्पशरसारख्या राज्यात शिशाची लहान वजनं वापरायला बंदी आहे, कारण ती गिळून लून पक्षी मरतात. टंगस्टनची घेतलीत तर कुठेही अडचण येत नाही.

## टप्पा २: सामान

इथे लोक गरजेपेक्षा खूप जास्त पैसे घालवतात. एवढं पुरे:

- साडेसहा ते सात फुटी, मीडियम किंवा मीडियम-हेवी ताकदीचा, टोकाला चटकन वाकणारा म्हणजे ‘फास्ट’ रॉड
- २५०० किंवा ३००० मापाचं स्पिनिंग रील. बेटकास्टिंग रील सुरुवातीला नको, सकाळ गुंता सोडवण्यात जाते
- १० ते १२ पौंडी, म्हणजे तेवढ्या ओढीला टिकणारी, मोनो (साधी एकतारी नायलॉन) किंवा फ्लुरोकार्बन दोरी
- ३/० मापाचे ऑफसेट वर्म हुक, म्हणजे नेढ्याजवळ दुहेरी बाक असलेले गळ
- पाव किंवा अष्टमांश औंसाची बुलेट वजनं
- सहा-सात इंची रबरी गांडुळं: स्वच्छ पाण्यासाठी ग्रीन पम्पकिन, गढूळ पाण्यासाठी काळी-निळी. बाकीचे रंग नंतर कधीतरी
- लांब नाकाची पक्कड, दोरी कापायची कात्री, मोजपट्टी
- रबराचा मुलामा असलेली हातजाळी
- पोलराइज्ड गॉगल

या यादीत गॉगल वगळला जातो आणि तिथेच नुकसान होतं. तो नसेल तर पाण्यावरची चकाकी सोडून काहीच दिसत नाही. तो घातला की बुडालेलं लाकूड आणि गवताची कड दिसते, कधी कधी मासाही. हातजाळीत गाठी मारलेली नायलॉनची जाळी घेऊ नका, तिने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो.

## टप्पा ३: गाठ आणि रिग, तीही घरी बसून

टेक्सास रिग म्हणजे गळाचं टोक रबरी गांडुळाच्या अंगात दडवलेलं असतं. त्यामुळे ते गवतात आणि फांद्यांत अडकत नाही. बास जिथे राहतो तिथे नेमकी हीच अडचण असते. हे टेबलावर, उजेडात आधी जमवा. काठावर वारा असतो, हात ओले असतात आणि घाई झालेली असते.

१. आधी बुलेट वजन दोरीत ओवा. निमुळतं तोंड रॉडकडे, खोलगट बूड गळाकडे.

२. गळ पालोमार गाठीने बांधा. सहा इंच दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढा, त्या दुहेरी दोरीची एक साधी सैल गाठ मारा, मागे राहिलेल्या फासातून अख्खा गळ पार करा. आता थुंकीने ओलं करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने दोरी तिथेच भाजते आणि मासा लागला की तिथेच तुटते.

३. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध पाव इंच आत घाला आणि बाजूने बाहेर काढा. डोकं गळावरून वर सरकवत नेढ्याजवळच्या दुहेरी बाकापर्यंत न्या. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाकडे वळेल.

४. आता घाई नको. गळ गांडुळाच्या शेजारी लोंबकळू द्या आणि गळाचा वाक अंगाला कुठे टेकतो तिथे नखाने खूण करा. टोक नेमकं तिथून आरपार काढा. मग टोकावर रबराची अगदी पातळ साल ओढून घ्या.

तपासा: रिग दोरीला धरून डोळ्यांसमोर लोंबकळवा. गांडूळ सरळ रेषेत हवं. मध्येच सुरकुती पडली असेल किंवा ते धनुष्यासारखं वाकलं असेल तर काढून पुन्हा लावा. वाकडं गांडूळ पाण्यात गरगर फिरतं, बास त्याकडे बघत नाही आणि दोरीला पीळ पडतो तो वेगळाच. टोकावरून बोट फिरवा: ते टोचायला नको, पण दाबल्यावर लगेच बाहेर यायला हवं.

५. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, तोही घरीच बसवा. सामान तोलायचा लटकता काटा दोरीला लावून ओढा. १२ पौंडी दोरीला तीन ते चार पौंडांवर रील सरकायला हवं. ड्रॅग पूर्ण आवळून ठेवणं हे दोरी तुटण्याचं मोठं कारण आहे.

लहान मुलं सोबत असतील तर गळाचा काटा, म्हणजे मागे वळलेला दात, पक्कडीने चेपून टाका. गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो आणि एखाद्याच्या बोटात शिरला तरी दवाखाना गाठावा लागत नाही.

## टप्पा ४: काठावर आधी बघा

गाडीतून उतरल्या उतरल्या फेकू नका. पाण्यापासून आठ-दहा पावलं मागे थांबा. काठावरच्या बासला तुमची सावली दिसते आणि पावलांचा हादरा कळतो.

लार्जमाउथ मोकळ्या पाण्यात पाठलाग करत बसणारा मासा नाही. तो आडोशाला थांबतो आणि जवळून जाणाऱ्यावर झडप घालतो. त्यामुळे आडोसा शोधा: कमळपानांची कड, पडलेलं झाड, धक्क्याखालची सावली, लव्हाळ्यातली एखादी खाच, ओढा तळ्याला मिळतो ती जागा. नुसत्या गवताच्या लांबलचक भिंतीपेक्षा जिथे काहीतरी बदलतं ती जागा बरी. गवत संपून खडक सुरू होतात, किंवा उथळ पाणी एकदम खोल होतं, तिथे पहिली फेक.

आता ऋतू. मासा कुठे असेल हे कॅलेंडरपेक्षा पाण्याचं तापमान जास्त चांगलं सांगतं. पन्नाशीतून वर चढत पाणी ६० अंश फॅरनहाइटकडे जायला लागलं की बास उथळ भागाकडे सरकतो. साधारण ६० ते ७५ अंशांत, म्हणजे १५ ते २४ सेल्सिअसला, अंडी घालणं चालतं. दक्षिणेकडे हे फेब्रुवारीतच सुरू होतं, उत्तरेकडे मे-जून उजाडतो. कडक उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी काठ, दुपारी दाट सावली किंवा खोल पाणी. शरद ऋतूत तो लहान माशांच्या थव्यांमागे पुन्हा खाड्यांत शिरतो.

वसंतात उथळ पाण्यात एखादी गोल, साफ केलेली, फिकट रंगाची जागा दिसली आणि तिच्यावर एकच मासा घिरट्या घालत असला, तर ते घरटं आहे. राखणीला नर असतो. तो अंडी आणि नंतर पिल्लंही सांभाळतो. त्याला ओढून बाहेर काढलं की ब्लूगिल मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. अशी जागा मी सोडून देतो आणि तुम्हीही सोडावी असं मला मनापासून वाटतं. चुकून नर लागलाच तर दूर नेऊ नका, फोटो काढत बसू नका, तिथल्या तिथे लगेच सोडा.

सावधान: दक्षिणेकडच्या तळ्यांच्या काठी कॉटनमाउथ हा विषारी साप आणि फायर अँट मुंग्यांची वारुळं असतात, पूर्व टेक्सासात मगरीच्या जातीचे अॅलिगेटरही. चपला घालून लव्हाळ्यात शिरू नका.

तपासा, पहिल्या फेकीआधी: पक्कड कमरेला आहे का? जाळी हाताच्या अंतरावर आणि ओली आहे का? फोन कुणाकडे आहे आणि कॅमेरा चालू आहे का? मासा खाली उतरून सोडता येईल अशी जागा कुठली? याची उत्तरं मिळाली नाहीत तर फेकू नका.

## टप्पा ५: फेक

पहिल्या फेका काठाला समांतर टाका. अशा फेकीत आमिष सगळा वेळ माशाच्या पट्ट्यात राहतं. सरळ मध्यावर फेकलं तर त्यातला शेवटचा थोडासा भागच कामाचा असतो. जवळची जागा आधी, लांबची नंतर, म्हणजे परत येणारा मासा जवळच्यांना उधळून लावत नाही.

आमिष नेमकं आडोशाच्या डोक्यावर आपटू नका. दोन-चार फूट पलीकडे टाका आणि सरकवत आणा. स्पिनिंग रीलवरची दोरी अडवणारी वाकडी तार फेक झाल्यावर हाताने बंद करा. हँडल फिरवून बंद केली की दोरी सैल गुंडाळली जाते आणि थोड्या वेळाने तिचा गुंता होतो. आणि प्रत्येक फेकीआधी मागे वळून बघा. गळ मागे उभ्या असलेल्या माणसाला लागणं ही नवशिक्यांच्या हातून होणारी गंभीर दुखापत आहे.

## टप्पा ६: आमिष चालवणं

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, कारण इथे काहीच न करणं शिकायचं असतं.

आमिष पाण्यात पडलं की ते तळाला जाईपर्यंत रील फिरवू नका. रॉडचं टोक हळूहळू खाली आणत दोरी किंचित सैल ठेवा आणि दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर नजर ठेवा. बहुतेक वेळा बास आमिष खाली जातानाच घेतो. हाताला काही जाणवेलच असं नाही. दोरी टचकन उडते, बाजूला सरकू लागते किंवा तळ यायच्या आधीच थांबते. या तिन्हींचा अर्थ एकच.

तळाला टेकल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मग रॉड घड्याळाच्या नऊपासून अकरापर्यंत उचला, म्हणजे गांडूळ तळावरून उठून पुढे सरकेल. पुन्हा रॉड खाली आणा, सैल झालेली दोरी गुंडाळा, थांबा. आमिष रॉडने सरकवायचं. रीलचं काम फक्त दोरी गोळा करणं. ही एक गोष्ट समजली की निम्मं काम झालं. रीलने ओढलेलं गांडूळ तळ सोडून वर येतं आणि पाण्यात दोरीच्या तुकड्यासारखं नुसतं वाहतं.

लाकूड लागलं की हाताला खरखर जाणवते. तिथे जोर लावू नका. दोरी सैल सोडून टोक हलकेच हलवा, आमिष फांदीवर चढेल आणि पलीकडे पडेल. ते पडेल त्या क्षणी सावध राहा, कारण मासा बहुधा त्याच क्षणाची वाट बघत असतो.

एका जागी चार-पाच फेका झाल्या आणि काही नाही, तर काही पावलं पुढे सरका. रंग बदलण्याआधी जागा बदला.

## टप्पा ७: गळ बसवणं आणि मासा आणणं

‘टक-टक’ जाणवलं की लगेच झटका मारू नका आणि फार वेळ वाटही बघू नका. झटका घाईत मारला तर फक्त रबर हातात येतं. वाट बघत राहिलात तर बास आमिष गिळतो आणि गळ घशात जातो, मग तो वाचवणं अवघड. क्रम असा: रॉड खाली माशाकडे झुकवा, सैल दोरी गुंडाळा, पलीकडे जिवंत वजन जाणवलं की रॉड एका दमात वर आणि मागे ओढा. टोक रबरातून बाहेर येऊन जबड्यात रुतायचं असतं, म्हणून इथे जोर हवा.

त्यानंतर दोरी कधीच सैल पडू द्यायची नाही. बास पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो आणि सैल दोरीवर गळ तिथेच सुटतो. दोरी वर चढताना दिसली की रॉडचं टोक बाजूला आणि खाली पाण्याकडे न्या. तो ओढत असेल तेव्हा रील फिरवू नका, ड्रॅगला काम करू द्या. पण दमवत बसण्यातही शहाणपण नाही. जितका जास्त दमेल तितकी सुटल्यावर जगण्याची शक्यता कमी.

सावधान: काठावरून दोरीला धरून मासा ओढत वर घेऊ नका. वाळू-दगडावर घासून अंगावरचा थर जातो, दोरी तुटते ते वेगळं.

## टप्पा ८: हाताळणी आणि सोडणं

हात आधी पाण्यात बुडवा. कोरड्या हाताला जो बुळबुळीतपणा चिकटून येतो तेच त्याचं जंतूंपासूनचं कवच.

बासला मोठे दात नसतात, खालचा जबडा कानसीसारखा खरखरीत असतो. अंगठा तोंडात, तर्जनी हनुवटीखाली, असा घट्ट पण शांत धरा. लहान मासा असा उभा धरलेला चालतो. मोठ्याला दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यायलाच हवा. जबडा धरून मासा आडवा करायचा आणि सगळं वजन त्या जबड्यावर टाकायचं, या फोटोतल्या लोकप्रिय पोझने जबड्याला इजा होऊ शकते. असा मासा पोहत निघून जातो, पण नंतर त्याला भक्ष्य धरता येईलच असं नाही. कल्ल्यांत बोटं घालू नका, एकदाही नाही.

गळ शक्यतो मासा पाण्यातल्या जाळीत असतानाच काढा. पक्कडीने गळाचा वाक धरा आणि शिरला त्याच वाटेने मागे वळवा. घशात खोल गेला असेल तर उचकटू नका. दोरी गळाजवळ कापा आणि मासा सोडा, आतड्यापर्यंत फाडण्यापेक्षा गळ आत राहिलेला मासा जगण्याची शक्यता जास्त असते.

फोटोचा नियम साधा आहे: मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात. लांबी मोजायची असेल तर पट्टी ओली करा, तोंड मिटलेलं आणि शेपटीची टोकं चिमटीत एकत्र धरून मोजा.

सोडताना फेकू नका. पाण्यात सरळ धरा, कल्ले हलू द्या. शेपटी जोर धरेल तेव्हा तो आपणच हातातून निसटेल. पाणी ८५ अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो. अशा दुपारी गळ न टाकणंच बरं, पहाटे या.

सावधान: पकडलेला बास बादलीतून दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. आणि जपानात राहणाऱ्यांसाठी सगळंच वेगळं: तिथे हा मासा बाहेरून आलेला आणि उपद्रवी ठरवलेला आहे, त्याला जिवंत नेणं किंवा पाळणं कायद्याने बंद आहे आणि बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाही मनाई आहे.

## टप्पा ९: खायला ठेवणार असाल तर

आधी ओळख पक्की करा, कारण बासच्या वेगवेगळ्या जातींचे नियम वेगळे असतात. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ. पाठीवरच्या पराचे दोन भाग खोल खाचेमुळे जवळजवळ सुटे दिसतात आणि कुशीवर गडद पट्टा असतो.

नियमात बसणाऱ्यांतला लहान मासा ठेवा. मोठा बास वर्षानुवर्षं इतर मासे खाऊन जगलेला असतो, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो. तो तळून किंवा कालवणात शिजवून जात नाही. टेक्सासच्या कॅडो लेकसारख्या तळ्यांबद्दल आरोग्य खात्याच्या सूचना आहेत. घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर तुमच्या तळ्याची सूचना वाचल्याशिवाय मासा घरी नेऊ नका. न्यायचा असेल तर बर्फाचा डबा सोबत हवा आणि मासा लगेच बर्फात जायला हवा.

## टप्पा १०: निघताना

फाटलेली रबरी गांडुळं पाण्यात टाकू नका, मासे ती गिळतात आणि पोटात ती फुगून बसतात. दोरीचे तुकडे खिशात घाला. बऱ्याच तळ्यांवर जुन्या दोरीसाठी उभी प्लास्टिकची नळी लावलेली असते, त्यात टाका. बूट आणि जाळीला चिकटलेलं पाणगवत काढा, बादलीतलं पाणी तिथेच ओता आणि दुसऱ्या तळ्यावर जायच्या आधी सगळं कोरडं होऊ द्या. झेब्रा शिंपले तळ्यातून तळ्यात पोचतात ते अशाच ओल्या सामानातून.

घरी आल्यावर गळाजवळची दोन-तीन फूट दोरी बोटांतून ओढून बघा. कुठे खरखर लागली तर तेवढी कापून गाठ नव्याने मारा. ड्रॅगचं बटण सैल करून रील ठेवा.